घरच्या रेकॉर्डिंग खोलीत कॉम्प्युटर एकाएकी बंद पडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातली एक खोली, भिंतींना गोधड्या, एक कंडेन्सर माइक, दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि कोपऱ्यात जुना डेस्कटॉप. मराठवाड्यात अशा खोल्यांमधून भीमगीतं, भजनं, गोंधळ, भारुडं आणि लग्नातली गाणी रेकॉर्ड होऊन यूट्यूबवर जातायत. टेक रंगात आलेला असतो आणि नेमकं तेव्हाच मशीन मरतं. दुकानात नेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "विंडोज मारून देतो." खालची उत्तरं विंडोज वापरणाऱ्यांसाठी आहेत, आणि त्यांचा क्रम ठरवलाय तो आपल्या भागात काय जास्त बिघडतं ते बघून. म्हणून लाईट आणि ऊन आधी, सॉफ्टवेअर नंतर.

"दादा, कॉम्प्युटर बंद पडतो." एवढ्यावरून काही सांगता येईल का?

नाही. कसा बंद पडतो ते सांगा, अर्धं निदान तिथेच होतं.

स्क्रीन काळी होऊन क्षणात सगळं मेलं, वायर उपटल्यागत, तर संशय वीज, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा उष्णतेवर. त्रुटीचा मजकूर असलेली निळी स्क्रीन आली, तर ड्रायव्हर (उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), रॅम, डिस्क. चित्र गोठलं, माउस हलेना आणि शेवटचा सूर किर्रर्र करत अडकून राहिला, तर ड्रायव्हर, डिस्क किंवा ग्राफिक्स. आणि विंडोज ठणठणीत असताना फक्त रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर गायब झालं, तर दहातल्या नऊ वेळा प्लगइन (त्याला जोडलेलं इफेक्टचं किंवा वाद्याचं छोटं सॉफ्टवेअर).

आवाजात तडतड येणं, मधेच तुटणं हा क्रॅश नाही. बफर, म्हणजे आवाज तात्पुरता साठवायची जागा, लहान पडला की तसं होतं. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात प्रोसेसरचं काम उरकलं नाही की आवाज फाटतो. रेकॉर्डिंगला १२८ किंवा २५६, मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४ ठेवा आणि तो विषय तिथे संपवा. बफर वाढवून मशीन बंद पडायचं थांबत नाही.

निळी स्क्रीन येते, पण वाचायच्या आत मशीन रीस्टार्ट होतं. काय करू?

कंट्रोल पॅनेलमधून सिस्टीम, तिथून ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज, मग 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्ज. तिथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' वरची खूण काढा. पुढच्या वेळी स्क्रीन थांबून राहील, मोबाइलने फोटो घ्या. २०२५ पासून नव्या विंडोज ११ मध्ये ही स्क्रीन निळीऐवजी काळी असते. काळ्यावर पांढरी अक्षरं दिसली तर ती त्रुटीची स्क्रीन; अक्षरं नसलेला अंधार दिसला तर प्रकरण वेगळं.

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून उघडणारा तक्ताही बघा. कोणत्या दिवशी काय कोसळलं ते तारखेसह लाल फुलीने दिसतं. सगळ्यांच्या मशीनमध्ये असतो आणि कोणी उघडत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून एसएमपीएस बदलायला धावू नका. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. लाईट गेली तरी तीच नोंद पडते. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे पुन्हा वीज नाहीतर उष्णता, क्वचित पूर्ण गोठलेलं मशीन. शून्य नसेल तर निळी स्क्रीन येऊन गेलेली आहे.

शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की माझं मशीन रीस्टार्ट होतं. हा योगायोग आहे का?

योगायोग नाही. गावाच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) मोटारींचा भार आला की व्होल्टेज पडतं. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची धरलेली असते, पण उन्हाळ्यात संध्याकाळी ती १७०-१८० वर आलेली अनेक घरांत दिसते. ट्यूबलाइट फडफडते, पंखा मंदावतो, त्याच सुमारास एसएमपीएस मान टाकतो. एसएमपीएसवरचं लेबल वाचा. काहींवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर २०० ते २४०. दुसऱ्या प्रकारचा असेल तर १८० व्होल्टवर तो चालला हेच नशीब.

शे-दोनशे रुपयांचा, सॉकेटमध्ये लावायचा व्होल्टमीटर घ्या आणि कॉम्प्युटरच्याच बोर्डवर लावून ठेवा. क्रॅश झाला की आकडा आणि वेळ वहीत लिहा. अशा चार नोंदी झाल्या की वाद मिटतो. व्होल्टेज सावकाश खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर भागतो. मोटार सुरू होताना क्षणभर झटका बसत असेल तर स्टॅबिलायझरला तेवढी चपळाई नसते, तिथे यूपीएसच लागतो.

घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद झाले तर मात्र रेकॉर्डिंग तिथल्या तिथे थांबवा, प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. न्यूट्रल तुटल्याची ती खूण असते. तशा वेळी २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत घरात येऊ शकतात. मग क्रॅशचा प्रश्नच उरत नाही, मशीनच उरत नाही.

घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?

इन्व्हर्टरवर स्विच होताना मधे काही मिलिसेकंद वीज तुटते. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, स्वस्तातला त्याहून कमी. बऱ्याच इन्व्हर्टरांना यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा स्विच असतो. नॉर्मलवर असेल तर बदल होताना जास्त वेळ जातो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. तो यूपीएसवर करून बघा, फुकटात काम झालं तर झालं. एक अडचण येते: यूपीएस मोडला इन्व्हर्टर कमी व्होल्टेज सहन करत नाही, लगेच बॅटरीवर जातो. व्होल्टेज कायम पडलेलं असेल तर बॅटरी दिवसभर झिजत राहील.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर कॉम्प्युटर त्यावर चालवू नका. नव्या एसएमपीएसला तशी वीज मानवत नाही आणि माइकच्या रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ आवाज घुसतो तो वेगळाच. प्युअर साइन वेव्ह असेल तर चालेल. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे सुमारे ३६० वॅट. ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप, मॉनिटर आणि इंटरफेस त्यावर निघतात. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर त्यावर टाकू नका.

यूपीएस जुना असेल तर चाचणी सोपी आहे. सगळं सेव्ह करा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. मशीन तिथेच मेलं तर बॅटरी संपलेली आहे. दोन-तीन वर्षांत ती जातेच, उन्हाळा कडक असला की आधी. आत पाल शिरून बोर्ड उडालेले यूपीएसही गावोगाव सापडतात, तेव्हा जाळी शाबूत आहे का तेही बघा.

माइकला हात लावला की झिणझिण्या येतात. क्रॅशशी त्याचा संबंध असेल का?

असू शकतो, आणि क्रॅशपेक्षा झिणझिण्यांची काळजी आधी करा. अर्थिंग नसलं की कॅबिनेटवर, इंटरफेसवर आणि तिथून माइकच्या जाळीवर व्होल्टेज तरंगत राहतं. गाणाऱ्याचे ओठ माइकला लागतात, हे विसरू नका. अशा घरात यूएसबीवरची उपकरणं मधेच तुटतात, स्थिर विजेच्या ठिणगीने मशीन गोठतं, आणि हिवाळ्यात कोरड्या हवेत हे वाढतं.

काळ्या मातीचा यात मोठा वाटा. पावसाळ्यात ती ओल धरते तोवर अर्थिंग चांगलं लागतं, मार्चनंतर जमिनीला भेगा पडल्या की तेच अर्थिंग निकामी होतं. घराला अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घाला. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, वीस-तीस दिसत असेल तर आधी ते काम. खड्डाच नसेल तर नवा करून घ्या, इंटरफेसच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकायची सवय मात्र सोडा.

एप्रिल-मे मध्येच त्रास होतो, दिवाळीत मशीन छान चालतं. असं का?

कारण तुम्ही रेकॉर्डिंगसाठी पंखा आणि कूलर बंद करता, दार लावता आणि भिंतीला गोधड्या टांगता. बाहेर ४२-४३ अंश, वर पत्रे, आत तीन माणसं. बऱ्याच उपकरणांच्या माहितीपत्रकात वापराचं कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास दिलेलं असतं. म्हणजे मशीन सुरू करायच्या आधीच ती मर्यादा ओलांडलेली असते.

'एचडब्ल्यूइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि मिक्सिंग चालू असताना प्रोसेसरचं तापमान बघा. ८०-८५ पर्यंत ठीक. ९५ च्या पुढे गेलं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे काल चाललेला प्रोजेक्ट आज तडतडायला लागतो. तरीही उतरलं नाही तर मशीन निरोप न देता बंद होतं. लगेच सुरू केलं तर पुन्हा पडतं, अर्ध्या तासाने सुरू केलं तर चालतं, ही उष्णतेची पक्की ओळख.

उपाय स्वस्तातून सुरू करा. कॅबिनेटवरचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि ओढणी काढा. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यातून बाहेर घ्या, भिंतीपासून वीतभर लांब. मशीन बंद करून, प्लग काढून, ब्लोअरने धूळ उडवा. पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर ब्लोअरच्या वाऱ्याने ती भन्नाट फिरून बेअरिंग जातं. शेताच्या कडेच्या आणि कच्च्या रस्त्यावरच्या घरात हे काम दर दोन महिन्यांनी करावं लागतं, हरभरा-गव्हाच्या मळणीच्या दिवसांत त्याहून लवकर. चार-पाच वर्षांत थर्मल पेस्ट सुकते, ती बदलून घ्या. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आणि माणसं गाणार ती पहाटे सहा ते नऊमध्ये गाऊ द्या. खोली थंड असते, रस्त्यावर ट्रॅक्टर नसतो, गळाही ताजा असतो. मिक्सिंग दुपारी पंखा लावून करता येतं. कूलर मशीनच्या तोंडावर मारू नका, त्या हवेतलं पाणी आणि क्षार सर्किटवर बसतात.

एकच प्रोजेक्ट उघडला की सॉफ्टवेअर गायब होतं. बाकीचे उघडतात.

प्लगइन. तो प्रोजेक्ट प्लगइनशिवाय उघडून बघा. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडायच्या खिडकीतच एफएक्स (म्हणजे प्लगइन) ऑफलाइन ठेवून उघडायची खूण आहे. क्यूबेस हे सॉफ्टवेअर सुरू होताना कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट एकत्र धरून ठेवलं की सेफ मोड विचारतो. उघडलं तर प्लगइन एकेक करून चालू करा, ज्याच्यावर पडेल तो चोर. तोच लागणार असेल तर रीपरमध्ये त्याला वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा, एफएल स्टुडिओत 'मेक ब्रिज्ड' करा. मग प्लगइन मेलं तरी प्रोजेक्ट वाचतो.

सॉफ्टवेअर ३२ बिटचं असेल तर ते ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरूच शकत नाही, मशीनमध्ये १६ जीबी असली तरी. तबला-ढोलकीच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी चढवल्या की ते पडणारच. ६४ बिटचं टाका.

क्रॅक केलेली प्लगइन्स वापरतो. त्यानेच होतं का?

कशाने होतं ते अशा मशीनवर शोधताच येत नाही, ही खरी अडचण. क्रॅक करणाऱ्याने फाइलमध्ये काय बदललं ते कोणालाच ठाऊक नसतं, वर अँटिव्हायरस बंद ठेवा असं तोच सांगतो. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं आणि त्याचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो; त्याच्यासोबत येणाऱ्या ईक्यू आणि कॉम्प्रेसरवर भजनाचा अख्खा अल्बम मिक्स होतो. गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन रेकॉर्डिंग करणाऱ्याने तरी क्रॅकच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इंटरफेस मधेच "डिस्कनेक्ट" होतो आणि मागोमाग सगळं गोठतं.

आधी केबल बदला. मग हब काढून थेट मागच्या पोर्टला लावा, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर बहुधा हलक्या दर्जाची असते. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. पोर्टवरच चालणाऱ्या इंटरफेसला दोन कंडेन्सर माइक जोडून ४८ व्होल्टचं फँटम (माइकला केबलमधून जाणारी वीज) चालू केलं की जुन्या मशीनचा पोर्ट दमतो. एक माइक काढून चाललं तर उत्तर मिळालं.

नंतर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. ड्रायव्हर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचाच टाका, जुना काढून, मशीन रीस्टार्ट करून. कंपनीचा एएसआयओ (आवाजाचा) ड्रायव्हर असताना सोबत एएसआयओ-फोर-ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर ठेवण्यात काही अर्थ नाही.

स्क्रीनवर 'डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन' लिहून येतं.

एखादा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसलाय. 'लेटन्सीमॉन' दहा मिनिटं चालवा, कोणत्या ड्रायव्हरने किती वेळ खाल्ला ते नावासकट दिसेल. वायफाय, ग्राफिक्स आणि जुना स्टोरेज ड्रायव्हर हे नेहमीचे गडी. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवले तर फरक पडतो. 'व्हीआ (WHEA) अनकरेक्टेबल एरर' आला तर ड्रायव्हरमागे फार वेळ घालवू नका. ती हार्डवेअरची तक्रार असते, तापमान आणि एसएमपीएस आधी बघा.

रॅम खराब आहे हे घरी कसं ओळखायचं?

दर वेळी वेगळाच एरर येतो, हे पहिलं लक्षण. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर हलका फिरवा, चुरा झटका, पुन्हा घट्ट बसवा. दमट पावसाळ्यानंतर एवढ्यानेच अनेक मशीन रुळावर येतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, चालू असेल तर बंद करून बघा. मग पेनड्राइव्हवर 'मेमटेस्ट८६' टाकून रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तरी ती रॅम गेली समजा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासा.

रात्रभराचा जागर रेकॉर्ड करायचा असतो. चार तासांनी सॉफ्टवेअर पडतं.

ही बहुधा फाइलच्या आकाराची गोष्ट आहे. साधी वेव्ह फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला २ लाख ८८ हजार बाइट. हिशेब केला तर चार तास आठ मिनिटांत ४ जीबी भरतात. गोंधळ तेव्हा कुठे ऐन भरात आलेला असतो. फॉरमॅट आरएफ६४ किंवा डब्ल्यू६४ ठेवा. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क एफएटी३२ असेल तर तिथेही हीच ४ जीबीची भिंत आहे, ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. त्यात आतला डेटा पुसला जातो. आणि संबळ, तुणतुणं, झांज, गळे वगैरे मिळून आठ ट्रॅक लावले तर तासाला सुमारे चार जीबी जागा लागते, तेवढी आधी मोकळी करा.

डिस्कची तब्येत 'क्रिस्टलडिस्कइन्फो'त बघा. 'कॉशन' दिसलं तर आजच कॉपी काढा, उद्या नाही. विंडोजच्या डिस्कवर पंधरा-वीस टक्के जागा रिकामी असू द्या.

क्रॅश झाला, महाराजांचं अख्खं कीर्तन गेलं. परत मिळेल का?

बऱ्याचदा मिळतं, फक्त घाईघाईने त्यावर नवं रेकॉर्डिंग करू नका. बहुतेक सॉफ्टवेअर रेकॉर्ड होता होताच डिस्कवर लिहीत असतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन त्या वेळची वेव्ह फाइल शोधा. आकार मोठा आहे पण वाजत नाही, याचा अर्थ फाइलच्या सुरुवातीची माहिती अपुरी लिहिली गेली. तिची एक प्रत काढा आणि ऑडॅसिटीत इंपोर्टमधल्या 'रॉ डेटा'ने उघडा: २४ बिट, ४८०००, मोनो किंवा स्टिरिओ जे असेल ते. नुसता खरखराट आला तर घाबरू नका, ऑफसेट (फाइल कुठून वाचायला सुरुवात करायची तो आकडा) एका बाइटने, मग दोन बाइटने बदलून बघा, २४ बिटमध्ये ते लागतं. ऑडॅसिटीतच रेकॉर्ड केलं असेल तर पुन्हा उघडल्यावर ते स्वतःच परत आणू का म्हणून विचारतं.

पुढच्या वेळी ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा, आणि ज्याला "पुन्हा एकदा म्हणा" असं म्हणता येणार नाही त्याच्यासमोर मोबाइल किंवा छोटा रेकॉर्डरही चालू ठेवा.

मग विंडोज नव्याने टाकायचंच नाही का?

टाका, पण तापमान, वीज, रॅम आणि डिस्क तपासून झाल्यावर. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. टाकायच्या आधी प्रोजेक्टसोबत प्लगइनचे परवाने आणि प्रीसेटही बाहेर काढा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीन झेपत असेल तर ११ टाका.

नवंकोरं, महागडं मशीन आहे आणि तरी पडतं.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा, ६५ वॅट किंवा वरचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट करा. जादा व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर अस्थिर होतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलून मागा.

ऑफिसातून निघालेलं जुनं ब्रँडेड मशीन घेऊ का? स्वस्त मिळतंय.

रेकॉर्डिंगसाठी चांगला सौदा आहे, दोन गोष्टी बघून घ्या. इंटेल आठव्या पिढीच्या आधीचं असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. दुसरं, अशा अनेक मशीनमधला एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा आणि पिनांचा असतो. तो उडाला तर गावातल्या दुकानात मिळणार नाही, जिल्ह्याच्या ठिकाणीही शोधावा लागेल. पैसे देण्याआधी तुमचा इंटरफेस आणि पेनड्राइव्हवर तुमचाच एक जड प्रोजेक्ट सोबत न्या, दुकानातच अर्धा तास लूपवर वाजवा, आणि तेवढा वेळ एचडब्ल्यूइन्फोची खिडकी उघडी ठेवा.